घडी न मोडलेल्या साड्या

दसरा उलटला आणि दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की घरातली एकूणएक वस्तू उन्हात येते. पितळेची भांडी चिंचेनं घासून लख्ख होतात, कोळिष्टकं निघतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. एक जागा मात्र दरवर्षी सुटते. ती म्हणजे आपलं स्वतःचं कपाट! दार उघडायचं, वरच्या कप्प्यातला ढीग हातानं मागे सारायचा, पुढे झालेल्या चार बोटं जागेत नवी साडी कोंबायची आणि खांद्यानं रेटून दार लावायचं. खरं की नाही?

आज एवढंच करा. दुपारचं घर शांत झालं की कपाटातल्या साड्या नुसत्या मोजा. साठ भरल्या तर दचकू नका. एक सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची धरली, तर ६० साड्या म्हणजे ३३० मीटर कापड! आता त्यातल्या गेल्या वर्षभरात किती नेसल्या, ते बोटांवर मोजा. पुष्कळजणींना दोन हातांची बोटंच पुरतील.

आपल्याकडे 'घडी मोडणं' असा एक गोड शब्दप्रयोग आहे. नवी साडी पहिल्यांदा नेसायची म्हणजे तिची घडी मोडायची. एखाद्या जिवाभावाच्या बहिणीला, नणंदेला आपण कौतुकानं म्हणतो, "माझ्या नव्या साडीची घडी तू मोड." कपड्यानं अंगावर यावं, वापरात यावं, आणि त्यात दुसरीलाही वाटा मिळावा, असा केवढा मोठेपणा आहे या रीतीत! आणि आपल्या कपाटात बघावं, तर घडी कुणीच मोडलेली नाही. पडून पडून साडीच घडीवर चिरते. ठेवणीतली साडी ठेवून ठेवूनच संपते.

या साड्या आल्या कुठून?

कपाट आवरण्याचं शास्त्र आता जगभर गाजतं आहे. जपानच्या मारी कोन्डो यांचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि घरोघरी पोचलं. त्यांचं सांगणं सोपं आहे. वस्तू हातात घ्या, मनाला आनंद झाला तर ठेवा, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्या.

पण आपल्या कपाटाला हा नियम तसाच्या तसा लागू पडत नाही, बरं का. कारण त्यातल्या निम्म्या साड्या आपण हौसेनं निवडलेल्याच नसतात. ही मामेसासूबाईंनी दिलेली, ही जावेच्या भावाच्या लग्नातली मानाची, ही डोहाळजेवणाची, ही भाऊबीजेची, ही ओटीत आलेली. रंग आपल्याला न शोभणारा, पोत अंगाला टोचणारा, तरी साडी टाकवत नाही. साडी दिली, तर देणाऱ्या माणसालाच दारातून परत पाठवल्यासारखं वाटतं. कपाट भरतं ते कापडानं नव्हे, भिडेनं!

म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करा. आहेराचं काम तो हातात पडला त्याच क्षणी पुरं झालेलं असतं. देणारीनं मान दिला, तुम्ही घेतला, कुंकू लावलं, नमस्कार झाला. नातं त्या प्रसंगात आहे. पुढची वीस वर्षं ती साडी सांभाळत बसण्याचं वचन तुम्ही कुणाला दिलेलं नाही.

कपाट तुमचं, निर्णयही तुमचा

"पण सासूबाईंना विचारल्याशिवाय कसं द्यायचं?" "हे म्हणतील, एवढी महागाची साडी दिलीसच कशी?" अशा शंका मनात येतात. मोठ्यांना विचारावं, त्यांचा मान राखावा, याबद्दल दुमत नाही. पण हक्काची गोष्टही ठाऊक असावी. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर बाईला भेट म्हणून मिळालेले दागिने, कपडे, वस्तू हे तिचं स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानं अशा मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. पुढे १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधनाची एकटी मालकीण ती बाईच. ते सासरच्यांच्या ताब्यात असलं, तरी विश्वासानं सोपवलेली ठेव म्हणूनच असतं.

घरात कायद्याची भाषा करायची वेळ कुणावर येऊ नये. पण आपल्याच साड्यांबद्दल आपण चोरासारखं वागायचंही काही कारण नाही. लपवून देऊ नका. उघड सांगा, "आई, ही मला होत नाही, अमकीला शोभेल, देऊ का?" बहुतेक घरांत यापुढे वाद होत नाही. उलट सासूबाईच आपल्या ट्रंकेची किल्ली काढून म्हणतात, "आता माझंही एकदा बघून टाक."

एका वेळी एकच कप्पा

सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका. मुलं शाळेतून येतात, दुधाची वेळ होते, आणि मग तो डोंगर घाईघाईनं पुन्हा आत जातो. आज एक कप्पा, परवा दुसरा. दुपारचे दोन तास पुरतात. खाली स्वच्छ चादर अंथरा आणि चार ढीग करा: ठेवायचं, दुरुस्तीचं, द्यायचं आणि मोडीचं.

प्रत्येक कपडा हातात आला की तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षात घातला होता का? आज, आहे त्या अंगाला, तो होतो का? आणि उद्याच कुठे जायचं झालं तर मी हा आपण होऊन काढीन का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली, तर त्याचा मुक्काम संपला. 'बारीक झाले की घालीन' म्हणून ठेवलेली पोलकी आणि पंजाबी ड्रेस यांच्याशी जरा कठोर व्हा. बारीक झालात, तर एक नवं शिवून घ्यायला कोण अडवतंय?

शालू, रेशमी साड्या आणि लग्नाकार्याचे कपडे यांना एका वर्षाचा नियम लावू नका. घरात तीन वर्षांत एकही कार्य नसेल, तर बिचारा शालू तरी काय करणार?

दुरुस्तीच्या ढिगाला मात्र मुदत घाला. फॉल-पिको राहिलेलं, हूक तुटलेलं, उसवलेलं असं जे असेल ते पंधरा दिवसांत शिंप्याकडे गेलं पाहिजे. न गेल्यास समजा, की तुम्हाला ते नकोच आहे. मनात ठरत नसेल अशा साड्यांच्या पदराला एक रंगीत दोरा बांधा. नेसली की दोरा सोडा. पुढच्या दिवाळीला ज्यांचे दोरे तसेच असतील, त्या साड्यांनी आपला निकाल आपणच दिलेला असेल.

आणि हो, यजमानांचं आणि मुलांचं कपाट त्यांच्या माघारी आवरू नका. यजमानांचा विटका सदरा त्यांना किती प्रिय आहे, ते तो गेल्यावरच कळतं!

ठेवायचं ते नीट ठेवा

आपलं छत्रपती संभाजीनगर म्हणजे कापडाचंच गाव. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकरही इकडे आले आणि हिमरूचा धंदा रुजला, असं सांगतात. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचं हे कापड. त्याचाच भाऊबंद मश्रू. दर्शनी बाजूला रेशीम, अंगाला लागते ती बाजू सुती. आणि शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशी एकेक पैठणी मागावरून उतरायला काही आठवडे लागतात, नक्षी भारी असली तर महिनोन् महिने. ती केवळ आपल्या आळसानं कपाटात काळवंडावी, हे बरं नव्हे.

म्हणून, रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आत दमट हवा अडकते आणि जर काळी पडते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदला, नाही तर एकाच रेघेवर रेशीम तुटतं. जड जरीची साडी लोखंडी हँगरला टांगू नका. अत्तर किंवा सेंट साडी नेसण्याआधी लावा, जरीवर उडवू नका. डांबरगोळ्या कापडाला थेट लागता कामा नयेत. त्यापेक्षा आजीची युक्ती बरी. वेखंडाची किंवा लवंगांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायची, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत साड्या सावलीत वाऱ्यावर टाकायच्या. कसर लागत नाही.

पैठणीचा काठ आणि पदर शाबूत असून मधलं अंग जीर्ण झालं असेल, तर काठ-पदर उतरवून नव्या साध्या रेशमी साडीवर लावून घेता येतात. थोडंसंच विरलं असेल, तर चांगला रफूगार गाठा. दारावर 'जुनी जर' विकत घेणारे येतात. ते साडी घेतात ती जरीतल्या चांदीसाठी. हल्लीच्या कितीतरी साड्यांत प्लॅस्टिकची जर असते, तिला मोल नाही. जुन्या खऱ्या जरीची साडी मात्र ओळखीच्या सराफाला दाखवल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. पावशेर वजनाचं स्टीलचं पातेलं घेऊन चांदी घालवल्यासारखं व्हायचं.

गेलेल्या माणसाचे कपडे

हा सगळ्यांत अवघड कप्पा. आईची इरकल, सासूबाईंची नऊवारी, वडिलांचा कोट. यांच्यापाशी हात थांबतो, आणि थांबू द्यावा. घाई करू नका. वर्षश्राद्ध होईपर्यंत तो कप्पा उघडलाच नाही, तरी बिघडत नाही.

पण त्यानंतर मात्र उघडा, आणि एकटीनं उघडू नका. बहिणींना, जावांना, नणंदांना बोलवा. प्रत्येकीनं एकेक साडी निवडावी आणि नेसावी. होय, नेसावी! आईची साडी ट्रंकेत कुबट होण्यापेक्षा लेकीच्या अंगावर सणाला दिसली, तर आईच घरात वावरते आहे असं वाटतं. उरलेल्या मऊ सुती नऊवारींच्या गोधड्या शिवून घ्या, प्रत्येक भावंडाला एक. आठवणीसाठी सगळी ट्रंक लागत नाही.

आणि त्यातूनच दुसरं शिकायचं. आपल्यामागं आपल्या सुनेला, लेकीला साठ साड्यांपुढे रडत बसावं लागू नये, एवढी सोय आपण हयातीतच करावी. आपल्या हातानं दिलेल्या साडीबरोबर तिची गोष्टही देता येते: ही कधी घेतली, कुणी दिली, नेसून कुठे गेले होते. मागं उरलेल्या साडीला बोलता येत नाही.

द्यायचं, पण कसं?

"जुने कपडे द्या, भांडी घ्याऽऽ" ही आरोळी सिडकोच्या गल्ल्यांतून पूर्वीइतकी ऐकू येत नसली, तरी बोहारीण आपल्या कुणाला नवी नाही. या धंद्यातल्या पुष्कळजणी मूळच्या गुजरातकडच्या, वाघरी म्हणजेच देवीपूजक समाजातल्या. आपण टाकलेला शर्ट त्यांच्या घरी धुतला जातो, उसवलेलं शिवलं जातं, गुंड्या लागतात, इस्त्री होते आणि तो बाजारात कुणा कष्टकऱ्याच्या अंगावर चढतो. दिल्लीच्या रघुबीरनगरात तर अशा जुन्या कपड्यांचा पहाटेपासून मोठा बाजार भरतो. ल्युसी नॉरिस या ब्रिटिश अभ्यासिकेनं दिल्लीतल्या या व्यवहाराचा माग काढून २०१० साली पुस्तकच प्रसिद्ध केलं. आपल्याकडेही रविवारी जाफरगेटच्या बाजारात एकदा चक्कर मारा. आपण 'जुनं' म्हणतो त्या वस्तूत किती आयुष्य शिल्लक असतं, ते डोळ्यांनी दिसेल.

बोहारणीशी घासाघीस करायला हरकत नाही, तिलाही ती आवडते! फक्त भांड्याची दुकानातली किंमत आधी माहीत असू द्या, आणि तिच्या श्रमाचीही थोडी किंमत धरा. डोक्यावर टोपलं घेऊन उन्हातान्हात जिने चढणारी बाई आहे ती.

कामाच्या मावशींना द्यायचं असेल, तर आधी विचारा. त्या सुती नेसतात की सिंथेटिक? साडी नेसतात की गाऊन, पंजाबी ड्रेस? फाटकं, डागाळलेलं, वास येणारं कधीही देऊ नका. आणि साडी दिली म्हणून दिवाळीच्या पैशांतून वजा करू नका. ते दान नव्हे, ती काटकसर, आणि तीही दुसऱ्याच्या खिशातून!

संस्थेला देताना हेच ध्यानात ठेवा. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून ट्रकच्या ट्रक भरून जुने कपडे गेले. त्यातले ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले. घर वाहून गेलेल्या माणसालाही आपलं अंग कशानं झाकायचं, याचा मान असतो. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेनं हे कपडे गोळा करून, निवडून कामी लावले. गावकऱ्यांनी विहीर खणावी, रस्ता करावा आणि त्या श्रमाबद्दल कपडे घ्यावेत, भीक म्हणून नव्हे, अशी गूंजची पद्धत. मऊ सुती कापडापासून ही संस्था पाळीसाठी स्वच्छ घड्याही तयार करते. अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या भागातल्या एखाद्या संस्थेला द्यायचं असेल, तर तिला काय हवं ते आधी फोनवर विचारा. कपडे धुवून, वाळवून, पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे असे वेगळे गठ्ठे करून द्या. परकर-पोलकं साडीबरोबरच बांधा. नुसती साडी मिळालेली बाई ती नेसणार कशी?

मोडीचंही मोल

उरलं ते फाटकं-विटकं. इथे आपल्या आज्यांचा हात धरणारं कुणी नाही. मऊ झालेल्या सुती साडीची दुपटी, लंगोट, झबली, कुंची होते. घरात कुणी गरोदर असेल, तर बाळंतविड्याला याहून चांगलं कापड दुकानात मिळायचं नाही. मात्र डांबरगोळ्यांत राहिलेलं कापड दोनदा धुवून कडक उन्हात वाळवल्याशिवाय तान्ह्या बाळाला लावू नका. तो वास बाळाला अपायकारक असतो. जरा जाड कापडाची गोधडी. पण सुतीत सुतीच भरा. पॉलिएस्टर घाम टिपत नाही, तशा गोधडीखाली उन्हाळ्यात झोपवत नाही. सिंथेटिक साड्यांच्या पिशव्या शिवा, गादीच्या खोळी शिवा, गाडीचं आच्छादन करा. अगदी चिंध्या उरल्या, तर पायपुसणी.

पण ओल्या कचऱ्यात कपडा टाकू नका. आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सारं शहर कचऱ्यात बुडालं. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. भाजीच्या देठांबरोबर टाकलेली साडी मग कुणाच्याच कामाची राहत नाही. सुती कापड निदान कुजतं. पॉलिएस्टर आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत तसंच पडून राहील, आणि ते कुणा दुसऱ्याच्या गावाशेजारी.

पुन्हा भरू नये म्हणून

कपाट रिकामं करणं सोपं, रिकामं राखणं कठीण. सेल लागला की पाय गुलमंडीकडे आपोआप वळतात! म्हणून घरात एक नियम करा. एक आली की एक गेली. नवी साडी आत ठेवण्यापूर्वी जुनीची चिठ्ठी फाडायची.

आणि देण्याघेण्याची रीतही आपणच बदलू या. कार्यात प्रत्येकीला साडी आणि ब्लाऊजपीस दिलाच पाहिजे, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? काही ब्लाऊजपीस तर इतकी घरं हिंडतात, की दोन वर्षांनी ज्या घरून निघाले तिथेच ओटीत परत येतात! त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी मिळून, तिला विचारून, तिच्या आवडीची एकच चांगली साडी घ्यावी. नाही तर पुस्तक द्यावं, रोप द्यावं, रोख पाकीट द्यावं. आहेराची आलेली साडी पुढे द्यायची असल्यास कुणाकडून आली त्याची चिठ्ठी आत ठेवा. म्हणजे दिलेलीलाच परत देण्याचा प्रसंग ओढवणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला फराळाच्या आधी एक कप्पा उघडा. त्यातून तीन साड्या काढा. एक द्यायची, एक दुरुस्तीला टाकायची, आणि तिसरी? वर्षानुवर्षं 'चांगल्या दिवसासाठी' ठेवलेली ती तिसरी, पाडव्याच्या दिवशी नेसायची. घडी मोडायला याहून चांगला दिवस कोणता?